खुकरी: कीर्ती आणि करणी

एकदा म्यानातून उपसली की रक्त चाखल्याशिवाय खुकरी परत आत जात नाही, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. रात्री शिट्टी फुंकत, काठी आपटत फिरणारा गुरखा गल्लीत आला की मुंबई-पुण्याच्या पोरांना ती हमखास ऐकवली जाई. ती खरी असती तर नेपाळच्या डोंगरात धड बोटांचा माणूस शोधावा लागला असता. तिथे खुकरी उठल्यापासून म्यानाबाहेरच असते. सरपण फोडायचं, गुरांना पाला तोडायचा, बांबू तासायचा, मांस चिरायचं, सगळं तिनेच. दसैंच्या सणात रेड्याची मान एका घावात उतरवायची तीही तिनेच. आपल्या कोयत्याची ती जातभाईच म्हणायची. फरक इतकाच की कोयता उसाच्या फडात आणि नारळाच्या शेंड्यावर राहिला आणि हाणामारीत निघाला तर पोलिसांच्या पंचनाम्यात जमा झाला. खुकरी मात्र पलटणींच्या बिल्ल्यावर जाऊन बसली. हे कसं घडलं, हे पाहायला 200 वर्षं मागे जावं लागतं.

आधी हत्यार बघू. नेहमीची खुकरी मुठीसकट दीड फुटाच्या आतबाहेर असते. पातं मधेच पुढे वाकलेलं, पोटाशी रुंद, पाठीला जाड. धार वाकाच्या आतल्या अंगाला. वजन टोकाकडे झुकलेलं असल्यामुळे मनगटाच्या थोड्या झटक्यातही घाव खोल जातो. म्यानाच्या मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात: एक बारीकसारीक कामाचा करदा, दुसरं बोथट चकमक, धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला. मुठीजवळ पात्याला जी खाच असते तिचे अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी त्यात शिवाचा त्रिशूळ बघतो, कोणी गाईचा खूर. लढाईच्या दृष्टीने मात्र पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हात वाचवणारी आडवी पट्टी खुकरीला नसते. समोरच्याचा वार तिच्यावर झेलता येत नाही, तलवारीसारखं अंतर राखून खेळता येत नाही. अगदी अंगाशी भिडल्यावर, पहिला घाव आपला असेल तरच तिचा उपयोग. पुढची सगळी हकीकत या एका उणिवेवर फिरते.

काठमांडूच्या छाउनीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुनी खुकरी आहे. 1559 मध्ये गोरखा राज्य जिंकणाऱ्या द्रव्य शाहची म्हणून ती दाखवतात. बाहेरच्या जगाशी तिची खरी गाठ पडली ती 1814 मध्ये. देहरादूनजवळच्या नालापानीच्या टेकडीवरचा खलंगा हा छोटा किल्ला नेपाळचा सरदार बलभद्र कुंवर सुमारे 600 माणसांनिशी राखत होता, आणि त्यात बायका-मुलंही होती. ईस्ट इंडिया कंपनीची फौज त्याच्या कितीतरी पट, शिवाय तोफा. सेनापती रॉलो गिलेस्पी म्हणजे 1806 चं वेल्लोरचं बंड मोडणारा नामांकित माणूस. तो 31 ऑक्टोबरला तटाशीच पडला. किल्ला पडला नाही. पुढे महिनाभराने पाणी तोडल्यावर उरलेली सत्तरेक माणसं तटातून बाहेर पडून निघून गेली. तटाशी भिडलेल्यांवर गोळ्या, बाण, दगड सगळंच आलं होतं; पण कंपनीच्या गोऱ्यांच्या आठवणीत राहिली ती खुकरी. इंग्रजांनी तिथे नंतर दोन स्तंभ उभारले, एक आपल्या मेलेल्यांसाठी आणि दुसरा बलभद्र व त्याच्या माणसांसाठी. ते आजही आहेत.

नेपाळशी चाललेलं हे गोरखा युद्ध संपण्याआधीच, 1815 मध्ये, कंपनीने गुरख्यांची भरती सुरू केली. सिरमूर, नसिरी, कुमाऊं अशा पलटणी उभ्या राहिल्या. ज्याने आपल्याला झोडपलं त्यालाच पगार देऊन बाजूला घ्यायचं, हा शहाणपणा कंपनीकडे भरपूर होता. या शिपायांना बंदूक शिकवावी लागली, कवायत शिकवावी लागली. खुकरी शिकवावी लागली नाही. ती लाकूड तोडता तोडता लहानपणीच हातात बसलेली होती. फुकट मिळालेलं हे शिक्षण कोणत्याही सैन्याला विकत घेता आलं नसतं.

1857 च्या दिल्लीत या कथेला एक मराठी धागा जुळतो. दिल्लीच्या रिजवर मेजर चार्ल्स रीडच्या सिरमूर पलटणीने जून ते सप्टेंबर जी जागा धरून ठेवली, ती हिंदुराव घाटगे यांची हवेली. कागलच्या घाटग्यांपैकी हे हिंदुराव म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचे भाऊ. लढाईच्या दोनच वर्षं आधी ते वारले होते. हवेली मुळात बांधली होती विल्यम फ्रेझरने, आणि हाच फ्रेझर गोरखा युद्धात कंपनीचा राजकीय प्रतिनिधी होता. पलटणीचे 490 पैकी 327 जण मेले वा जखमी झाले. याबद्दल राणी व्हिक्टोरियाने त्यांना निशाणाऐवजी एक खास दंड दिला. हे सारं शौर्य उठाव करणाऱ्या आपल्याच माणसांविरुद्ध गाजवलेलं होतं, हे विसरून ते वाचता येत नाही. त्या हवेलीच्या जागी आज हिंदुराव रुग्णालय आहे, आणि दिल्लीतल्या फार थोड्या लोकांना हे हिंदुराव मराठे होते हे ठाऊक असतं.

त्यानंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या. मगर, गुरुंग, राई, लिंबू त्यांत बसले. खुकरी घडवणारे कामी मात्र बसले नाहीत. हा लोहार समाज नेपाळच्या जातिव्यवस्थेत अस्पृश्य मानला गेला. तिथल्या कायद्याने हा भेद 1963 मध्ये मोडीत काढला, व्यवहारातून तो अजून पुरता गेलेला नाही. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या तापवून, ठोकून, धारेवर किटलीने बेताबेताने पाणी ओतत पातं कडक करायचं त्यांचं कसब पाहण्यासारखं असतं. धार कडक, पाठ चिवट, म्हणून लाकडात वा हाडात पातं अडकलं तरी मोडत नाही. पण पराक्रमाच्या ग्रंथांत कामींच्या वाट्याला एखादी ओळ यावी, तीही नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात खुकरीला फारसं काम नव्हतं. काटेरी तारा आणि मशीनगन ओलांडून माणूस अंगाशी भिडणार कधी? तिचा दरारा मात्र खंदकाखंदकांतून अफवा होऊन पसरला. गॅलिपोलीत 9 ऑगस्ट 1915 ला सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण मेजर ॲलन्सनच्या हाताखाली सारी बायरच्या कड्यावर पोहोचली. तिथे संगिनी, खुकऱ्या, मुठी, जे हाताला येईल त्याने तुर्कांशी झटापट झाली. कडा हाती आला आणि थोड्याच वेळात आपल्याच बाजूचे तोफगोळे त्यांच्या अंगावर पडले. कडा गेला.

खुकरी नेमकी कुठे चालते हे समजून घ्यायचं तर ट्युनिशियातली एक रात्र पुरे. 1943 च्या एप्रिलची 5 तारीख, वादी अकारित. समोर उभे खडकाळ डोंगर, वर जाणारी वाट अरुंद नाळेतून, आणि नाळेच्या तोंडाशी व दोन्ही अंगांना शत्रूच्या मशीनगनी. चौथ्या भारतीय डिव्हिजनने ठरवलं की तोफांचा मारा न करता अंधारात, गुपचूप चढायचं. गोळी सुटली की डाव उघडा पडणार. दुसऱ्या गुरखा रायफल्सचे सुभेदार लालबहादूर थापा आपले दोन सेक्शन घेऊन पुढे होते. पहिल्या चौक्यांवरची माणसं पहिल्याच झडपेत संगिनीने आणि खुकरीने संपली. मग आरडाओरडा झाला, मशीनगनी सुरू झाल्या, आणि तरीही थापा नाळेतून वर गेले. एका मशीनगनपाशी त्यांनी दोघांना खुकरीने आणि दोघांना रिव्हॉल्व्हरने मारलं. माथ्यावर पोहोचल्यावर आणखी दोघांना खुकरीने. वाट मोकळी झाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यात अंधार आहे, अडचणीची जागा आहे, आवाज न होण्याची गरज आहे आणि शत्रू हातभर अंतरावर आहे. या चारही गोष्टी जुळल्या तेव्हाच त्या वाकड्या पात्याने बंदुकीवर मात केली.

ब्रह्मदेशातही असंच. 5 मार्च 1945 ला भानभक्त गुरुंगने एका बंकरमध्ये धुराचे बॉम्ब टाकले आणि डोळे चोळत बाहेर आलेल्या दोन जपानी सैनिकांना खुकरीने मारलं. पण त्याआधीचे खंदक त्याने हातबॉम्ब आणि संगिनीने साफ केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात ताउंगडॉ इथे लछिमन गुरुंगच्या उजव्या हाताची बोटं हातबॉम्ब परत फेकताना उडाली. तो चार तास डाव्या हाताने रायफल भरत आणि झाडत राहिला. गुरखा पलटणींतल्या माणसांना मिळालेले 26 व्हिक्टोरिया क्रॉस काढून वाचले, त्यांतले 13 खुद्द गुरख्यांचे, तर बहुतेक ठिकाणी काम केलेलं दिसतं ते रायफलने, ब्रेनगनने, बॉम्बने आणि जागा न सोडण्याच्या हट्टाने. माझ्या मते खुकरीच्या कीर्तीने या माणसांवर थोडा अन्यायच केला. धैर्य त्यांचं, नाव पात्याचं.

1947 मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार होऊन दहापैकी चार रेजिमेंट ब्रिटनकडे गेल्या, सहा भारताकडे राहिल्या. अकरावी भारताने पुढच्या वर्षी नव्याने उभी केली. 1971 च्या नोव्हेंबरात सिल्हेट भागातल्या आटग्रामवर पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या पलटणीने रात्री केलेला हल्ला खुकरीचा हल्ला म्हणूनच ओळखला जातो. आधुनिक काळात असं उदाहरण क्वचितच. याच पलटणीतले मेजर इयान कार्डोझो मुंबईत जन्मलेले. बांगलादेश युद्ध संपता संपता सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय चेंदला गेला. मॉर्फिन नव्हतं, शस्त्रक्रियेचं साहित्य नव्हतं. पाय तोड असं त्यांनी आपल्या गुरखा सहकाऱ्याला सांगितलं. त्याचा हात होईना. मग त्याच्याकडून खुकरी मागून घेऊन त्यांनी स्वतःच तो तोडला. नंतर लाकडी पायाने त्यांनी पलटणीचं नेतृत्वही केलं.

1982 च्या फॉकलंड युद्धापर्यंत खुकरीला वार करण्याची गरजच उरली नव्हती. सातव्या गुरखा रायफल्सची पलटण माउंट विल्यमवर चढली तेव्हा अर्जेंटिनाचे सैनिक तिथून बहुतेक निघून गेले होते. खुकऱ्यांना धार लावतानाचे फोटो आधीच जगभर छापले गेले होते. गुरखे मुंडकी छाटत सुटल्याच्या गोष्टी इतक्या बोकाळल्या की गाब्रिएल गार्सिया मार्केससारख्या लेखकानेही त्या वृत्तपत्रात लिहिल्या. पोरांना घाबरवायच्या आपल्या गल्लीतल्या गोष्टीचीच ही मोठी आवृत्ती, फक्त सांगणारा नोबेल विजेता.

2010 हे वर्ष या दृष्टीने चमत्कारिक. त्या वर्षी अफगाणिस्तानात एका ब्रिटिश गुरख्याने ओळख पटवण्यासाठी मेलेल्या तालिबानी सैनिकाचं शीर कापून नेलं. त्याला मायदेशी पाठवून चौकशी लावण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात निवृत्त होऊन घरी निघालेला भारतीय सैन्यातला विष्णू श्रेष्ठ मौर्य एक्स्प्रेसमध्ये दरोडेखोरांच्या मोठ्या टोळीशी खुकरी घेऊन एकटा भिडला. टोळीने एका मुलीवर हात टाकला म्हणून तो उठला होता. त्याला सेना पदक मिळालं. रेल्वेच्या डब्याची ती चिंचोळी वाट म्हणजे पुन्हा वादी अकारितची नाळच. चाळीसजण असले तरी एका वेळी समोर येणार दोघंतिघंच.

सिंगापूरच्या पोलिसांत 1949 पासून गुरख्यांची तुकडी आहे. 2018 मध्ये ट्रम्प आणि किम जोंग उन तिथे भेटले तेव्हा बंदोबस्ताला हीच माणसं होती, हातात अद्ययावत रायफल आणि सोबत खुकरी. ब्रिटनची भरती पोखऱ्यात दरवर्षी चालू आहे. भारतीय सैन्यात मात्र नेपाळहून होणारी भरती 2020 मध्ये कोविडमुळे थांबली, आणि 2022 मध्ये चार वर्षांची अग्निपथ योजना आल्यावर ती 1947 च्या करारात बसत नाही असं म्हणत नेपाळने ती सुरू होऊ दिली नाही. वाटाघाटी अडलेल्या आहेत. दरम्यान भारतातल्या पलटणींतले नेपाळचे जुने जवान एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि भोजपूर-धरानच्या कामींच्या भट्ट्यांतली पाती मोठ्या संख्येने काठमांडूच्या ठमेलमध्ये पर्यटकांच्या दुकानांत जात आहेत. ती विकतानाही दुकानदार गिऱ्हाइकाला रक्ताची तीच गोष्ट सांगतो, कारण तिच्याविना खप होत नाही.