विडालचा कागद
(लेखमाला : मुलांचा ताप, लेखांक ६)

मागच्या आठवड्यात डेंग्यू झाला. आता टायफॉईड, जुन्या माणसांचा मुदतीचा ताप. पण पाच वर्षांखालच्या मुलांतला. मोठ्या माणसात हा आजार निदान थोडीफार ओळख देतो: ताप रोज चढत जातो, डोकं ठणकतं, जिभेवर पांढरा थर येतो. दोन वर्षांचं पोर यातलं काय सांगणार? ते किरकिरतं, ओकतं, जुलाब होतात, कधी नुसता खोकलाच असतो. पुस्तकातले छातीवरचे गुलाबी ठिपके आपल्या सावळ्या कातडीवर शोधूनही सापडत नाहीत. त्यात रायगडचा पावसाळा, म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सगळेच रांगेत. प्लेटलेट टायफॉईडमध्येही उतरतात, त्यामुळे साध्या रक्ततपासणीवरून डेंग्यूचा संशय येतो आणि दोन दिवस त्यातच जातात.

कासूचं उदाहरण घेऊ. पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे स्टेशन. इथल्या मुलाला ताप आला तर पहिल्याच दिवशी कोणी पेण गाठत नाही, आणि गाठायची गरजही नसते. जवळच्या दवाखान्यातून तापाचं पातळ औषध येतं. पुष्कळदा त्याच पिशवीत अँटिबायोटिकची बाटलीही असते. ताप उतरतो, पुन्हा चढतो. बाटली बदलते. पाचव्या दिवशी पेणच्या लॅबमध्ये ‘विडाल’ होते आणि संध्याकाळी कागद हातात पडतो : ओ १:१६०, एच १:८०. टायफॉईड निघाला!

खरंच निघाला का? फ्रान्समधल्या फर्नांड विडाल यांनी ही तपासणी १८९६ मध्ये मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही. उलट पूर्वीच्या संसर्गानं, टायफॉईडच्या भाऊबंद जंतूंनी, अगदी मलेरियानंही आकडा वर जातो. आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेतला आणि आकडा चौपट झाला, तर काहीतरी म्हणता येतं. पण तोवर पोर अंगणात खेळत असतं. दुसऱ्यांदा सुई कोण टोचून घेणार?

इथे एक आकडेवारी मला फार महत्त्वाची वाटते. २०१७ ते २०२० या काळात भारतात काही ठिकाणी मुलांवर सतत लक्ष ठेवून ब्लड कल्चरनं, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून, सिद्ध झालेला टायफॉईड मोजला गेला. दर एक लाख बालक-वर्षांमागे वेल्लोरच्या शहरी वस्तीत १,१७३ रुग्ण निघाले, कोलकात्यात ७१४, दिल्लीत ५७६. आणि पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण वढू भागात? ३५. वढू म्हणजे कासू नव्हे, हे मान्य. तरी जिथे आजार मुळात विरळ, तिथे अशा ढोबळ तपासणीचे ‘पॉझिटिव्ह’ बहुतांशी खोटे ठरतात, हे गणित कुठेही बदलत नाही. १:८० वर बोट ठेवून दोन-दोन आठवडे इंजेक्शनं टोचणं मला म्हणूनच पटत नाही. ज्या मुलाला टायफॉईड नाही, त्याचा खरा आजार तेवढे दिवस मागे राहतो.

भरवशाची तपासणी ब्लड कल्चर. तिचीही अडचण आहे. रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये जंतू बहुधा मोजकेच, कधी एकही नाही. म्हणून रक्त पुरेसं हवं. आणि बारक्या हाताची शीर सापडेपर्यंत आई डोळे मिटून बसते, दाराशी आजी विचारते, ‘एवढं रक्त कशाला?’ बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, नेहमीच्या तापमानाला ठेवून लवकर पोचवायची. जंतू उगवायला दोन-तीन दिवस, कधी पाच. एवढं करूनही शंभरातले साठेकच रुग्ण सापडतात, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर त्याहून कमी. सगळी गोम या क्रमात आहे. ताप तीन दिवसांपुढे गेला आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहू लागले, तर आईनं विचारावं: ‘डॉक्टर, आधी कल्चरला रक्त घेऊ या का?’ मात्र पोर मलूल असेल, पीत नसेल, तर उपचार अडवू नयेत. रक्त घेऊन लगेच औषध सुरू करता येतं.

निदान पक्कं झालं, योग्य औषध सुरू झालं, तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तेवढ्यात डॉक्टर बदलू नका. उपास नको, मऊ भात, वरण, पेज, जे जाईल ते द्या. पोट फुगलं, शौचातून रक्त पडलं, झटका आला किंवा मूल गुंगीत गेलं, तर थेट मोठं रुग्णालय. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असतो, ताप जुना झाला म्हणून निर्धास्त होण्याच्या ऐन वेळी.

आणि लस? नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस मोहीम काढून मोफत दिली. सरकारी यंत्रणेनं ही लस इतक्या मोठ्या प्रमाणावर देण्याची जगातली ती पहिली वेळ. बालरोगतज्ज्ञ ती वयाच्या सहा महिन्यांनंतर सुचवतात. नवी मुंबईच्या त्या मोहिमेची हद्द मात्र कासूपर्यंत येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात लेप्टो.