पावसात सायकल: पाणी वरूनच येतं असं नाही

जूनच्या मध्यानंतर आपल्याकडे पाऊस लागतो आणि शाळाही त्याच सुमारास सुरू होतात. शासनाच्या योजनेत सहावी आणि नववीत दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना सायकल मिळते. त्यामुळे पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्यांवर सकाळी सायकली बऱ्याच दिसतात. बोरगावला पाळीवर जाणारेही त्यात असतात.

रेनकोट घालूनही माणूस ओला का होतो? एक तर चाक रस्त्यावरचं पाणी उडवतं. मागच्या चाकाचं पाठीवर येतं, पुढच्याचं पायांवर. मडगार्ड नसलेली नवी, देखणी सायकल पावसाळ्यात कुचकामी, असं आमचं मत. मडगार्ड पूर्ण हवं आणि त्याच्या खाली रबराचा तुकडा लोंबता हवा. जुन्या ट्यूबचा कापून लावला तरी चालतो. मात्र आपली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते, चाक फिरेनासं होतं. म्हणून मध्ये दोन बोटं जागा ठेवावी आणि शेतातला जवळचा रस्ता सोडून डांबरी धरावा, लांब पडला तरी.

दुसरं पाणी आपलंच, म्हणजे घाम. बंद रेनकोटात जोरात पायडल मारलं की आतून भिजायला होतं. त्यापेक्षा खालून मोकळा, अंगावर पांघरायचा पोंचो बरा. त्याचं पुढचं टोक हँडलवर घ्यावं, मागचं आरीत जाणार नाही असं खोचावं. वारा असेल तर मात्र तो फुगतो. तेव्हा रेनकोटच घालावा आणि हळू चालवावं.

छत्री नको. एक हात छत्रीत गेला की ब्रेक एकच उरतो, आणि ओल्या रिमवर ब्रेक आधीच उशिरा लागतो.

वह्या-पुस्तकं दोन पन्न्यांत, एकीत एक घालून ठेवावी. कोरडा शर्ट आणि पंचा सोबत असावा. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत बरंच पाणी शोषलं जातं. चेन पुसून तेलाचे थेंब सोडावे.

विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावं. आणि जाम नदीला किंवा एखाद्या नाल्याला पूर येऊन रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर सायकल हातात धरूनही उतरू नये. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला पाडतं, आणि गढुळात रपटा कुठे खचला ते दिसत नाही. मुलांना घरीच सांगून ठेवावं: अलीकडच्या गावात थांबा, फोन करा, शाळा बुडाली तरी चालेल.