आधी माती उकरायची

तालमीत पहाटेचा पहिला घाम फावडं काढतं. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत हौद्याच्या काठावर बसून मी बघतो आहे. पोरं माती उकरताहेत. मातीवर लागत नाही, असं लोक सहज म्हणतात. पण रात्रभर बसलेली माती सकाळी चांगलीच टणक असते. ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेली ही तांबडी माती खालपर्यंत भुसभुशीत झाली, खडे वेचले गेले, तरच ती पडणाऱ्याला सांभाळते. वस्ताद स्वतः टाच रोवून बघतात. एका कोपऱ्यात टाच रुतत नाही. तो कोपरा पुन्हा उकरला जातो.

मग जोडी लागते. धोबीपछाडीचा सराव. खांद्यावरून फेकल्या गेलेल्या पोराचा हात आपोआप जमिनीकडे जातो. सगळा भार त्या एका हातावर आला, की कोपर तरी निखळतं नाहीतर गळ्याचं हाड तरी मोडतं. "हात टेकू नगंस! हनुवटी छातीला लाव!"

याहून मोठा धोका पाठ वाचवण्याच्या हट्टात आहे. चीत झालो म्हणजे संपलो, हे पोरांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं, की पडता पडता पीळ घेऊन ती डोक्यावर येतात. मानेच्या मणक्याला बसलेला असा एकच हिसका माणसाला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकतो. वस्ताद कडाडतात, "आरं, पाठ वाचवायची ती खासबागेत वाचव! हितं सरळ पड!" शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेल्या त्या मैदानात उतरायचं स्वप्न प्रत्येकाचंच; पण सरावात निमूट चीत व्हायला शिकवणारा वस्ताद मला लाखमोलाचा वाटतो.

कानाचं मात्र अवघड आहे. मोडका कान म्हणजे पैलवानकीची खूण, म्हणून पोरं तो मिरवतात. घासून, आदळून कानाची कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते काढून कान दाबून बांधला, तर बहुधा वाचतो. नाहीतर गाठ कायमची. आज एकाचा कान टम्म सुजला आहे. तो लपवत होता. वस्तादांनी त्याला जोडीतून बाजूला काढलं, थोरल्या पैलवानाबरोबर दवाखान्यात धाडलं आणि बजावलं: डॉक्टर हो म्हणेपर्यंत नुसत्या बैठका, लढत नाही.