ज्या मातीतून पँथर आला, त्या मातीतले जंत

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. ती पार्टी १९६६ साली ऑकलंड शहरात निघाली. पण तिने तरी तो पँथर कोठून आणला? तो आला अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटी नावाच्या एका खेड्यापाड्यांच्या भागातून. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. वस्ती मात्र अवघी दहा हजारांच्या आसपास आणि त्यात बहुसंख्य काळे बांधव.

१९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत एकाही काळ्या माणसाचे नाव मतदारयादीत नव्हते. सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा प्रसिद्ध मोर्चा याच भागातून गेला. नाव नोंदवणाऱ्या कुळांना गोऱ्या मालकांनी जमिनीवरून हाकलले, तेव्हा ती कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. (आपल्याकडचा गावबहिष्कार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) पुढे त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागायचे. त्यांनी निवडले काळ्या पँथरचे.

हे सारे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. मताचा हक्क मिळाला, पण त्या लोकांच्या अंगणातला मैला काही हटला नाही.

लाउंड्समध्ये बहुतेक घरांना नगराची गटारव्यवस्था नाही. ज्याने त्याने आपापली सेप्टिक टाकी बांधायची. पण तिथली माती काळी, चिकण. एके काळी कापसाच्या मळ्यांत गुलामांना राबवले ती हीच जमीन. तिच्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे साधी टाकी पावसाळ्यात उलटते आणि घाण न्हाणीघरातून घरात येते. त्या मातीत टिकेल अशी व्यवस्था करायला पंधरा-वीस हजार डॉलर, कधी त्याहूनही जास्त लागतात. मी पेशाने कारकून. आकडे मांडायची सवय असल्याने मला प्रथम हाच प्रश्न पडला, की जो माणूस जुन्या पत्र्याच्या फिरत्या घरात राहतो, त्याच्या घराच्या किमतीला भारी पडणारी टाकी तो बांधणार कशी? मग तो एक नळी काढतो आणि घराच्या मागे खड्ड्यात सोडतो. मुले तिथेच खेळतात.

सरकारने काय केले? टाकी नाही म्हणून नोटीस, दंड आणि फौजदारी खटल्याची धमकी. गरिबी हाच गुन्हा ठरला.

या काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या कार्यकर्तीने हा प्रश्न धसाला लावला. अशाच एका घाणीच्या डबक्यापाशी त्यांना डास चावले आणि अंगावर पुरळ उठले. तपासण्यांत काही निघेना. जो रोग अमेरिकेत नाही असे डॉक्टर मानतात, तोच तर इथे नसेल ना, अशी शंका त्यांना आली. त्यांनी टेक्सासमधल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांना बोलावले. २०१७ साली निष्कर्ष छापून आला. तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांच्या शौचाच्या नमुन्यांत हुकवर्मच्या, म्हणजे अंकुशकृमीच्या खुणा आढळल्या. राज्याच्या आरोग्य खात्याने हा निष्कर्ष मान्य केला नाही. ज्या देशाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी या जंताविरुद्ध मोठी मोहीम काढली होती, तो देश रोग संपला असे समजून बसला होता.

आयाबहिणींनी हा जंत नीट ओळखून ठेवावा. तो तोंडावाटे नव्हे, तर बहुधा अनवाणी तळपायाच्या कातडीतून आत शिरतो. मैला पडलेल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. माणूस फिकट पडतो, थकतो. मूल वाढत नाही, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही आणि मास्तर त्याला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतात. आपल्याकडे २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी फुकट देतात. ती मुलांना चुकवू देऊ नका. पण गोळीने पोटातला जंत मरतो, अंगणातला नाही. घाण तशीच राहिली तर तो पुन्हा येतो. म्हणूनच आपल्या वस्तीच्या शौचालयाची टाकी कोठे रिकामी होते, हे प्रत्येक कुटुंबाने ग्रामपंचायतीला विचारायला हवे.

लाउंड्समध्ये इस्पितळही नाही. २०२० साली कोरोना आला तेव्हा तिथल्या आजाऱ्याला उपचारासाठी सेल्मा किंवा मॉन्टगोमेरी गाठावे लागे. गरिबांसाठीची मेडिकेड योजना २०१० च्या कायद्याने वाढवता येत होती, पण अलाबामा सरकारने ती वाढवली नाही. कमी मजुरीत राबणारा, पण सरकारी व्याख्येत पुरेसा गरीब न ठरणारा माणूस मध्येच लटकला. दारिद्र्यरेषेच्या यादीतून नाव गळलेल्या आपल्या माणसाला हे चटकन कळेल.

फ्लॉवर्सबाईंच्या लढ्याला २०२१ मध्ये फळ आले. केंद्राच्या न्याय खात्याने नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली. मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला. टाकी नाही म्हणून खटले भरायचे नाहीत आणि घरोघरी योग्य व्यवस्था उभारण्याची योजना करायची, असे ठरले. मैल्याचा प्रश्न हा वंशभेदाचा प्रश्न आहे, हे सरकारी कागदावर आले.

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने तो करार मोडीत काढला. समावेशाच्या धोरणांना आता थारा नाही, हे कारण दिले. राज्याच्या खात्याने सांगितले, की हाती असलेला पैसा संपेपर्यंत टाक्या बसवत राहू.