पडद्यावरील साहस आणि शास्त्र

चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींचा अभिप्राय बहुधा जिन्याच्या पायऱ्या उतरतां उतरतांच तयार होतो. चित्रपट मारामारीचा किंवा विज्ञानकथेचा असेल, तर एक पक्ष म्हणतो, "सारें थोतांड!" आणि दुसरा म्हणतो, "काय बहार केली आहे!" घरीं पानावर बसल्यावर हाच वाद पुन्हां रंगतो. मुलांना चित्रपट आवडलेला असतो, वडिलांना तो पटलेला नसतो, आणि आपल्या मताचें कारण विचारलें तर दोन्ही पक्ष गप्प बसतात. असलीं मतें वरवर निरुपद्रवी वाटतात. परंतु हे चित्रपट सृष्टीच्या नियमांविषयीं डोळ्यांना नकळत कांहींतरी शिकवीत असतात, आणि ते तयार करतांना कांहीं माणसें आपले प्राण पणास लावतात. तेव्हां त्यांच्याविषयींचें मत थोडें विचारपूर्वक बनविणें बरें.

पहिली गोष्ट ही कीं, विज्ञानकथेंत एक मोठी असंभाव्य गोष्ट मान्य करावीच लागते. नाटकांत तिसरी घंटा झाली, कीं रंगविलेलें कापड हाच राजवाडा, हें प्रेक्षक निमूटपणें कबूल करतो. भूमितीच्या सिद्धांतांतहि आरंभीं कांहींतरी "समजा" म्हणूनच पुढें जावें लागतें. मात्र जें समजावयाचें तें एकदां ठरलें, कीं पुढील प्रत्येक पायरी नियमानें आली पाहिजे. म्हणून "असें कधीं घडेल काय?" हा प्रश्न विज्ञानकथेस विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. "एवढें मान्य केल्यावर बाकीचें नीट जुळतें काय?" हा प्रश्न विचारावा.

चंद्राच्या प्रवासाचें उदाहरण घेण्यासारखें आहे. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगार. त्यानें १९०२ सालीं चंद्राच्या सफरीवर पाव तासाच्या आंतबाहेरचा एक मूकपट काढला. त्यांत पंडित मंडळी तोफेच्या गोळ्यांत बसतात आणि तो गोळा थेट चंद्राच्या डोळ्यांत जाऊन रुततो. तोफेची कल्पना ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरींत आधींच आलेली होती. व्हर्नची तोफ नऊशे फूट, म्हणजे सुमारें २७५ मीटर लांबीची. पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटण्यास सेकंदास सुमारें ११ किलोमीटर वेग लागतो. हा सारा वेग नळीच्या आंतच द्यावयाचा, तर त्यास सेकंदाचा विसावा भाग एवढाच अवधि मिळतो. तेवढ्या क्षणांत आंतील माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार पडेल. प्रवासी चंद्रावर पोहोंचण्याची गोष्टच नको. तो तोफेच्या तोंडापर्यंतहि जिवंत यावयाचा नाहीं.

पुढें १९२९ सालीं जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यानें 'चंद्रावरील स्त्री' या अर्थाच्या नांवाचा चित्रपट काढला, तेव्हां त्यानें हेरमान ओबेर्ट या अग्निबाणशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला. त्यामुळें तोफ गेली आणि तिच्या जागीं टप्प्याटप्प्यानें जळणारा अग्निबाण आला. एका टप्प्याचें इंधन संपलें कीं त्याचें रिकामें ओझें टाकून द्यावयाचें, आणि वेग एकदम न देतां कांहीं मिनिटांत वाढवीत न्यावयाचा. प्रवासी उड्डाणाच्या वेळीं बिछान्यावर आडवे होतात, तेंहि भार सोसतां यावा म्हणूनच. उड्डाणापूर्वींची उलटी मोजणीहि या चित्रपटांत आहे. लांगनें ती प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून योजिली. पुढें खऱ्या अग्निबाणांच्या उड्डाणांतहि तीच चाल पडली. मात्र याच चित्रपटांतील माणसें चंद्रावर उतरल्यावर शिरस्त्राण काढून खुशाल श्वास घेतात. चंद्रावर असें श्वास घेण्याजोगें वातावरण नाहीं. शास्त्र आणि सोय हीं एकाच चित्रपटांत अशीं शेजारीं शेजारीं नांदतात. प्रेक्षकानें दोहोंना वेगवेगळें ओळखावें, म्हणजे एका चुकीसाठीं सारा चित्रपट निकालांत काढण्याची पाळी येत नाहीं.

अंतराळांतील आवाजाचेंहि असेंच आहे. ध्वनीस जाण्यासाठीं हवा, पाणी किंवा एकादा घन पदार्थ लागतो. निर्वात पोकळींत शेजारीं स्फोट झाला तरी तो कानांवर येणार नाहीं. स्टॅन्ली कुब्रिकनें १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटांत ही शांतता कसोशीनें पाळली. यानांतील माणसास कृत्रिम वजन यावें म्हणून त्यानें फिरणारें चाक कल्पिलें. गोफणींतील दगड जसा बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, तसा चाकांतील मनुष्य परिघाच्या भिंतीवर दाबला जातो आणि ती भिंतच त्याची जमीन बनते. चित्रणासाठीं ३८ फूट व्यासाचें खरोखरीचें चाक बांधण्यांत आलें. नट चाकाच्या तळाशींच चालत राहात असे आणि चाक त्याच्या पायांखालून फिरत असे. कॅमेरा चाकालाच जखडला, कीं पडद्यावर चाक स्थिर दिसून नटच भिंतीवरून वर चढत गेल्याचा भास होई.

याच्या उलट जॉर्ज लुकासच्या १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्यें आकाशयानें घरघरतात आणि स्फोटांचे धडाके ऐकूं येतात. शास्त्राच्या दृष्टीनें तें चूक आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो चित्रपट स्वतःस शास्त्रीय म्हणवून घेत नाहीं. राजकन्या, दुष्ट सम्राट, वृद्ध गुरु आणि तरुण शिष्य यांची ती अद्भुत कथा आहे. विक्रमाच्या पाठीवरील वेताळ बोलतो कसा, असें कोणी विचारीत नाहीं. ज्या चित्रपटानें जो करार केला असेल, त्या कराराप्रमाणेंच त्याचा हिशेब मागावा.

अल्फोन्सो क्वारोनच्या २०१३ सालच्या 'ग्रॅव्हिटी'चा करार मात्र वास्तवतेचा आहे. म्हणून त्याची तपासणीहि कडक हवी. तेथें पोकळींतील शांतता उत्तम राखली आहे. पण कथेंतील माणसें हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे पाठीवरच्या लहानशा यंत्राच्या बळावर जातात, तें जमणारें नाहीं. विषुववृत्ताशीं हबलची कक्षा २८.५ अंशांनीं आणि स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांनीं कललेली आहे. उंचींतहि त्या काळीं शंभरांहून अधिक किलोमीटरांचा फरक होता. एका कक्षेंतून दुसरींत वळण्यासाठीं वेगांत सेकंदास निदान तीन किलोमीटरांचा बदल करावा लागेल. दोन आगगाड्या एकाच स्थानकावरून जातात म्हणून धांवत्या गाडींतून दुसऱ्या रुळांवरील धांवत्या गाडींत पाऊल टाकतां येत नाहीं, तशांतला हा प्रकार आहे.

क्रिस्टोफर नोलनच्या २०१४ सालच्या 'इंटरस्टेलर'वर तर घरोघर वाद झाले. एका ग्रहावर एक तास काढला तर पृथ्वीवर सात वर्षें उलटतात, हें ऐकून अनेकांनीं हंसून मान हलविली. वस्तुतः प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काल सावकाश चालतो, हा आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा भाग आहे. चित्रपटांतील प्रमाण टोकाचें असलें तरी अतिवेगानें फिरणाऱ्या प्रचंड कृष्णविवराजवळ तें सिद्धांतास सोडून नाहीं. या चित्रपटाचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ सालीं गुरुत्वतरंगांच्या शोधाबद्दल भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. त्यांच्या समीकरणांवरून संगणकानें कृष्णविवराचें चित्र काढलें आणि त्या कामावर २०१५ सालीं शास्त्रीय निबंधहि प्रसिद्ध झाले. फिरत्या तेजस्वी चकतीची जवळ येणारी बाजू अधिक उजळ आणि दूर जाणारी मंद दिसावयास हवी. प्रेक्षक गोंधळेल म्हणून पडद्यावर हा भेद गाळण्यांत आला. २०१९ सालीं एम ८७ या दीर्घिकेंतील कृष्णविवराभोंवतींच्या तेजाचें पहिलें खरें चित्र जगापुढें आलें, त्यांतील वलयाची एक बाजू ठळकपणें अधिक उजळ होती.

आतां मारामारीच्या चित्रपटांकडे वळावयाचें. येथें आकाशयानें नसतात, म्हणून सारें खरें असावें अशी समजूत होते. आणि फसगत येथेंच अधिक होते. पिस्तुलाची गोळी लागतांच माणूस चार हात मागें फेंकला जातो, हें दृश्य सर्वांच्या परिचयाचें आहे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदास ४०० मीटर वेगानें येऊन सत्तर किलोच्या माणसांत रुतली, तर त्यास मिळणारा वेग सेकंदास सुमारें साडेचार सेंटिमीटर. पाळण्यास हलकासा झोका दिला तरी याहून अधिक वेग येतो. शिवाय क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते. गोळी झेलणारा उडाला, तर झाडणाराहि तसाच मागें उडावयास हवा. पडद्यावरील मनुष्य उडतो तो कपड्यांखालच्या पट्ट्यास बांधलेल्या तारेच्या हिसक्यानें.

दुसरें दृश्य उंचावरून पडण्याचें. शंभर फुटांवरून पडणाऱ्याचा वेग जमिनीजवळ तासास सुमारें ५५ मैल होतो. नायक वाटेंत हात पुढें करून त्यास अलगद झेलतो! फूटभर अंतरांत थांबविलें तर शरीरावर त्याच्या वजनाच्या शंभरपट भार येईल; खांदे जागेवर राहावयाचे नाहींत. तोच मनुष्य हवेच्या मोठ्या गादीवर पडून दहा फुटांत थांबला, तर भार दहा-अकरापटींवर येतो आणि जीव वांचतो. इजा वेगानें होत नाहीं, वेग एकाएकीं बदलल्यानें होते. व्हर्नच्या तोफेंत जो नियम, तोच या गादींत.

तिसरी युक्ति वेगाची. बोलपट सेकंदास चोवीस चित्रें या गतीनें दाखवितात. चित्रण करतांना सोळाच घेतलीं, तर ताशीं चाळीस मैलांची मोटार पडद्यावर साठ मैलांनीं धांवते. हीच युक्ति फार ताणली, कीं दिवसांचे क्षण होतात. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीं वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच रीतीनें पडद्यावर दाखविली होती.

इतकें कळल्यावर "मग सारी फसवणूकच" असें म्हणण्याचा मोह होतो. तोहि आवरला पाहिजे. १९२८ सालीं 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' या मूकपटांत बस्टर कीटन उभा असतांना त्याच्यावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीमुळें तो वांचतो. भिंत खरी वजनदार होती आणि अंगाभोंवतीं मोकळी जागा इंचांनीं मोजण्याइतकी. आपल्या मुंबईंत वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'नें १९३५ सालीं नादिया हें नांव सर्वतोमुखीं केलें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जन्मलेली ही नटी आपलीं साहसें स्वतःच करीत असे. १९३६ सालच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें ती आगगाडीच्या टपावर झुंजली. त्या काळीं दोष पुसून टाकणारा संगणक नव्हता. पाय घसरला तर तो खराच घसरणार.

सर्वांचे पाय वेळेवर सावरले असें नाहीं. १९८२ सालच्या जुलैंत अमेरिकेंत 'ट्वायलाइट झोन' या चित्रपटाच्या रात्रींच्या चित्रणांत स्फोटांच्या धक्क्यानें हेलिकॉप्टर कोसळलें आणि व्हिक मॉरो हा नट व दोन लहान मुलें मृत्युमुखीं पडलीं. त्या मुलांस रात्रीं कामास ठेवणें तेथील कायद्याविरुद्ध होतें. कथेंतील संकट खरें वाटावें या हव्यासानें जिवंत बालकें खऱ्या संकटांत लोटलीं गेलीं. साहसदृश्यें करणाऱ्यांची कला मान्य होण्यासहि फार काळ लागला. साहसदृश्यांच्या योजनेस पारितोषिक देण्याचा निर्णय अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें २०२५ सालच्या एप्रिलांत जाहीर केला, आणि तोहि २०२७ सालच्या चित्रपटांपासून. पहिलें ऑस्कर १९२९ सालीं दिलें गेलें होतें.

म्हणून पुढच्या खेपेस घरांत असा वाद निघेल, तेव्हां वडिलधाऱ्यांनीं "थोतांड" म्हणून विषय संपवूं नये, आणि मुलांनींहि नुसत्या "बहार"वर थांबूं नये. चित्रपटानें काय मान्य करावयास सांगितलें, तें त्यानें शेवटपर्यंत पाळलें कीं नाहीं, हें पाहावें. हाताशीं कागद-पेन्सिल असेल तर एकाद्या उडीचा किंवा गोळीचा हिशेब मुलांकडून करवावा. शाळेंतलें कोरडें गणित तेथें एकदम बोलूं लागतें. आणि पडद्यावर नामावळी सुरू होतांच उठून जाण्याची घाई न करतां अखेरच्या बारीक अक्षरांतील नांवें वाचावीं. उंचावरून उडी कोणी घेतली आणि गादींत हवा कोणी भरली, तें तेथें लिहिलेलें असतें.