घरचा दूरध्वनि : तांब्याच्या तारेपासून कांचेच्या तंतूपर्यंत

गेवराईस आमच्या घराच्या बैठकींत, खिडकीशेजारच्या कोनाड्यांत, एक दूरध्वनि यंत्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसलें आहे. या काळांत त्याचें यंत्र दोनदां बदललें, रंगहि बदलला. परंतु ०२४४७ या गेवराईच्या संकेतांकापुढील त्याचा क्रमांक मात्र तोच राहिला. आमच्या मातोश्रींना भ्रमणध्वनीवरील बारीक अक्षरें आतां दिसत नाहींत व त्याचा आवाजहि त्यांच्या कानास नीट लागत नाहीं. उलट त्यांच्या माहेरच्या सर्व मंडळींना कोनाड्यांतील यंत्राचा क्रमांक तोंडपाठ आहे. म्हणून घरांतील प्रत्येकाच्या खिशांत भ्रमणध्वनि असतांहि तें जुनें यंत्र आम्हीं काढूं दिलें नाहीं. गेल्या वर्षीं मात्र त्याची तार वरचेवर नादुरुस्त होऊं लागली, आणि इतर अनेक कुटुंबांप्रमाणें आम्हींहि तांब्याची तार सोडून कांचेच्या तंतूवरून, म्हणजे इंटरनेटच्या मार्गानें, येणारी दूरध्वनि सेवा घेतली. क्रमांक तोच व यंत्रहि तेंच; मग बदललें तें काय, असें एका विद्यार्थिमित्रानें आम्हांस विचारलें. त्याला उत्तर देण्याच्या निमित्तानें हा लेख लिहीत आहों. त्यांत आमची एक चूकहि सांगावी लागणार आहे.

प्रथम जुन्या दूरध्वनीची रचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे. घरापासून दूरध्वनि केंद्रापर्यंत, ज्याला आपण एक्स्चेंज म्हणतों तेथपर्यंत, तांब्याच्या दोन बारीक तारांची एक जोडी गेलेली असते. प्रत्येक घराची जोडी निराळी. एक्स्चेंजांत मोठमोठ्या बॅटऱ्यांची रांग असून तिचा सुमारें ४८ व्होल्टचा विद्युद्दाब या जोडीवर अहोरात्र दिलेला असतो. रिसीव्हर खालीं ठेवलेला असतांना मंडल तुटलेलें असतें. तो उचलला कीं मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहूं लागतो, आणि तेवढ्यावरून एक्स्चेंजला कळतें कीं, या घरांत कोणास तरी बोलावयाचें आहे. मग कानांत जो संथ गुंजारव ऐकूं येतो, तो ‘आम्ही सिद्ध आहों, क्रमांक फिरवा’ असा एक्स्चेंजचा जबाब होय. आपण बोलूं लागलों म्हणजे हवेंत उठणारे कंप त्या प्रवाहांत जसेच्या तसे उमटतात. प्रवाह त्यांच्याबरोबर कमीजास्त होतो, आणि पलीकडच्या यंत्रांत त्याचा पुन्हां ध्वनि बनतो. घंटा वाजविण्यास लागणारी शक्तीहि एक्स्चेंजच पाठवितें. तात्पर्य, या दूरध्वनीस लागणारी सगळी वीज त्याच्या तारेंतूनच येते. घरच्या विजेशीं त्याचा कांहींएक संबंध नसतो. गांवांतील वीज गेली तरी एक्स्चेंजांतील बॅटऱ्या व त्यांच्या पाठीशीं असलेलें डिझेलचें जनित्र यांवर त्याचें काम चालतें. ही एवढी गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचेंच काम आहे.

ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचें पेटंट १८७६ सालीं मिळालें, आणि अवघ्या सहा वर्षांत, १८८२ च्या जानेवारींत, मुंबईस एक्स्चेंज सुरू झालें. आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. मुंबईची ही सोय आपल्याकडील सामान्य घरापर्यंत येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. प्रारंभीं दूरगांवीं बोलावयाचें म्हणजे ‘ट्रंक कॉल’ नोंदवून तासन्‌तास वाट पाहात बसावें लागे. मधल्या माणसावांचून थेट परगांवचा क्रमांक फिरविण्याची सोय भारतांत प्रथम १९६० सालीं कानपूर व लखनौ या दोन शहरांमध्यें झाली. पुढें १९८४ सालीं सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिनें वातानुकूलित खोलीवांचून, उन्हाळ्यांत व धुळींत चालणारें लहान एक्स्चेंज तयार केलें, आणि तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील दूरध्वनीस खरी चालना मिळाली.

तरीहि घरोघर यंत्रें नव्हतीं. त्या काळच्या लग्नपत्रिका किंवा नोकरीचे अर्ज कोणी जपून ठेवले असतील तर त्यांवर क्रमांकापुढें ‘पी. पी.’ अशीं दोन अक्षरें आढळतील. क्रमांक शेजाऱ्याचा आहे, कृपा करून आम्हांस बोलावून घ्यावें, असा त्यांचा अर्थ. दसरा झाला कीं आपल्या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें मुकादमाबरोबर ऊसतोडीस कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकांत जातात. त्यांच्या मागें राहिलेल्या म्हाताऱ्या मंडळींना खुशाली कळे ती अशाच एखाद्या पी. पी. क्रमांकावर. कोणाचाहि निरोप आला कीं यंत्राच्या मालकानें मुलास पिटाळावें, मुलानें धांवत जाऊन आजीला बोलवावें, आणि आजी येईपर्यंत पलीकडच्यानें पिवळ्या बूथमधील आंकड्यांकडे पाहात उभें राहावें, असा तो प्रकार असे. आमच्या कोनाड्यांतील यंत्रानेंहि ही सेवा पुष्कळ केली आहे. म्हणूनच तें आमच्या घरचें असूनहि केवळ आमचें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

आतां नवीन व्यवस्था पाहूं. खांबावरून घरांत येणारा तंतु कांचेचा असून केंसासारखा बारीक असतो. त्यांतून वीज नव्हे, तर प्रकाश जातो, व तोहि डोळ्यांना न दिसणारा. (म्हणूनच तुटलेल्या तंतूच्या टोकास डोळा लावून पाहण्याचा मोह मुलांनीं आवरावा.) भिंतीवर एक लहान पेटी बसवितात, तिला कोणी मोडेम म्हणतात, कोणी राउटर. आपल्या जुन्या यंत्राची तार या पेटींत खोंचली कीं झालें. पुढचें सर्व काम पेटी करते.

तें काम असें. आपण बोलूं लागलों कीं ही पेटी आपल्या आवाजाचें एका सेकंदांत ८,००० वेळां मोजमाप घेते व प्रत्येक माप अंकांत लिहून काढते. सामान्यतः १६० मापांचें एक पुडकें बांधतात. म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागांतील आवाज एका पुडक्यांत मावतो. प्रत्येक पुडक्यावर पत्ता व अनुक्रमांक घातलेला असतो. एखादें लांबलचक पत्र एका पाकिटांत न घालतां ओळीओळीचीं पोस्टकार्डें करून टाकावीं, तशांतलाच हा प्रकार आहे. हीं पुडकीं इतरांच्या पत्रांच्या, चित्रांच्या व हिशेबांच्या गर्दींतून वाट काढीत जातात. कांहीं मागेंपुढें पोंचतात. पलीकडची पेटी क्षणभर थांबून त्यांना अनुक्रमानें लावते व मग त्यांचा आवाज करते. एखादें पुडकें वाटेंत हरवलें तर ऐकणाऱ्यास पत्ताहि लागत नाहीं. पुष्कळ हरवलीं तर मात्र शब्द तुटतात. जाण्यास लागणाऱ्या वेळाची काळजी नको. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो.

या पद्धतीचे लाभ आम्हीं अनुभविले आहेत. आवाज स्वच्छ येतो. पावसाळ्यांत तारेंत पाणी शिरून जी खरखर होई ती गेली. वळवाच्या पावसांत आकाशांतील वीज तांब्याच्या तारेवरून घरांत शिरून यंत्र जाळी. कांच विजेची वाहक नसल्यानें त्या वाटेची ती भीति उरली नाहीं. तांबें विकलें जातें म्हणून चोर तारा कापून नेत; कांचेच्या तंतूस मोड म्हणून कांहींच किंमत नाहीं. जे. सी. बी. च्या फाळापुढें मात्र दोघांचीहि गत सारखीच आहे.

परंतु कांच विजेची वाहक नाहीं याचा दुसराहि अर्थ आहे, आणि तो आमच्या ध्यानांत आला नाहीं. एक्स्चेंजांतून येणारी ती ४८ व्होल्टची वीज आतां येत नाहीं. यंत्रास व पेटीस लागणारी वीज घरानेंच पुरवावी लागते. पेटी बंद पडली कीं कोनाड्यांतील यंत्र म्हणजे नुसतें खेळणें.

गेल्या ज्येष्ठांत एका रात्रीं वादळी पाऊस झाला व वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाहीं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे; पंखे चालू होते, दिवे लागत होते, म्हणून आम्ही स्वस्थ निजलों. आमच्या भागांतील भ्रमणध्वनीचा टॉवरहि कांहीं तासांनीं बंद पडला होता, हें सकाळीं कळलें. त्याच रात्रीं गोदाकांठच्या एका खेड्यांत आमच्या मामांच्या छातींत दुखूं लागलें होतें. मामी रात्रीं दोनपासून आमचा जुना क्रमांक लावीत होत्या. तीच घंटा वाजेल म्हणून त्यांचा भरंवसा होता, कारण एवढ्या वर्षांत ती वीज गेली म्हणून कधींच थांबली नव्हती. अखेर शेजारच्या एका तरुणानें १०८ ला कळवून रुग्णवाहिका आणविली, आणि मामा बचावले. सकाळीं शोध घेतां आढळलें कीं, पेटी ज्या खटक्यावर लावली होती तो खटका इन्व्हर्टरच्या जोडणींत नव्हताच! बसविणाऱ्यानें सांगितलें नाहीं हें खरें. पण आम्हींहि विचारलें नाहीं. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “लाइट गेली म्हणून फोन मरतो होय रे? पंखा तर चालू होता.” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुरुस्तीस वायरमनला अर्धा तास लागला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाहीं त्यांच्यासाठीं एक हिशेब देतों. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो पडताळून पाहावा. पेटीच्या अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट व १ अँपियर असे अंक असतात. म्हणजे ती फार तर १२ वॅट वीज खाते. १२ व्होल्ट व ७ अँपियर-तास अशा लहान बॅटरींत ८४ वॅट-तास शक्ति सांठते. ८४ ला १२ नीं भागिलें असतां ७ तास येतात. बॅटरी पूर्ण रिती होऊं देत नाहींत व कांहीं शक्ति वायांहि जाते, म्हणून पांच तास धरावे. केवळ राउटरसाठीं मिळणारे लहान यू. पी. एस. याच तत्त्वावर चालतात. ते विकत घेतांना तासांचा अंक केवळ खोक्यावर वाचून न सोडतां, एकदां घरचा मुख्य खटका बंद करून घड्याळ लावून पाहावें. दोन वर्षांनीं बॅटरी थकते, म्हणून ही परीक्षा अधूनमधून पुन्हां घ्यावी.

ही अडचण केवळ आपल्याकडील विजेच्या लहरीपणामुळें आहे असें कोणी समजूं नये. ब्रिटनमध्यें तांब्याचें सगळें जुनें जाळें २०२५ अखेर बंद करण्याचें ठरलें होतें. तेथें एकाकी राहणारे कित्येक वृद्ध गळ्यांत एक बटण बाळगतात; पडले झडले तर तें दाबतांच दूरध्वनीच्या तारेवरून मदतीचा निरोप जातो. नवीन जोडणी झाल्यावर कांहीं ठिकाणीं हीं बटणें ऐन वेळीं मुकीं राहिलीं. तेव्हां २०२३ च्या डिसेंबरांत ग्राहकांच्या इच्छेविरुद्ध होणारे बदल थांबविण्यांत आले, आणि २०२४ सालीं ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबविण्यांत आली.

ज्या पालकांच्या घरीं हा बदल व्हावयाचा आहे त्यांनीं आणखी थोडी चौकशी करावी. जुना क्रमांक राहील कीं नाहीं, हें आधीं विचारावें. तबकडी फिरविण्याचें फार जुनें यंत्र असेल तर पुष्कळ पेट्यांना त्याची भाषा कळत नाहीं; बटणांचें यंत्र लागेल. आपला तंतु ज्या ठिकाणाहून येतो तेथील यंत्रांस बॅटरी किंवा जनित्र आहे काय, हा प्रश्न सेवा देणारास अवश्य विचारावा; तेथेंच अंधार असेल तर घरच्या बॅटरीचा उपयोग काय? घरच्या दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीस लावतांना आधीं शून्य फिरविण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे, तो येथेंहि पाळावा लागतो. आणि यंत्राशेजारी ११२ व १०८ हे अंक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. त्या अंकांखालीं आपला पूर्ण पत्ता खुणेसकट लिहावा. घाबरलेल्या मुलास तो वाचून सांगतां येतो.

कोनाड्यांतील गुंजारव पूर्वीसारखाच वाटतो, परंतु तो आतां एक्स्चेंजांतून येत नसून भिंतीवरची पेटीच तो तयार करते. मातोश्रींना आम्हीं हें समजावून सांगितलें. त्यांना तें फारसें पटलेलें नाहीं. परवां रात्रीं पुन्हां वीज गेली. पंखा चालूच होता. आम्हांस जाग आली तेव्हां त्या कोनाड्यापाशीं उभ्या होत्या. रिसीव्हर कानास लावून त्यांनीं थोडा वेळ ऐकलें, तो जागच्या जागीं ठेवला, आणि येऊन निजल्या.