वारंवार तहान, वारंवार लघवी : दुर्लक्ष नको, तपासणी हवी

१४ नोव्हेंबरला आपण शाळेत बालदिन साजरा करतो. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, कारण इन्सुलिनच्या शोधातील एक प्रमुख शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस आहे. दोन्ही दिवस एकत्र येणे हा योगायोगच. पण मधुमेह हा केवळ आजी-आजोबांचा आजार नाही, याची आठवण तो दरवर्षी करून देतो. म्हणून या अंकात पालक बंधू-भगिनींशी आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांशी याच विषयावर बोलावे, असे आम्हांस वाटले.

आपण जे खातो, त्यातील बऱ्याच भागाची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात येते. ती पेशींच्या आत पोहोचण्यासाठी इन्सुलिन लागते. पोटातील स्वादुपिंड ही ग्रंथी इन्सुलिन तयार करते. ते तयारच झाले नाही किंवा त्याचा प्रभाव कमी पडला, की साखर रक्तातच साचू लागते.

सगळी लक्षणे या एकाच कारणातून निघतात. रक्तातील साखर फार वाढली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात. साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वारंवार होते. पाणी गेले म्हणून तहान लागते. पेशी उपाशी राहतात, म्हणून भूक वाढूनही वजन घटते आणि थकवा येतो. डोळ्यातील भिंगावर परिणाम होऊन फळ्यावरचे अक्षर धूसर दिसते. जखम लवकर भरत नाही, त्वचेचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. लघवीतील या गोडव्यावरूनच आपल्या प्राचीन वैद्यांनी ‘मधुमेह’ हे नाव दिले.

मुलांमध्ये बहुधा आढळतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. तो जिलबी किंवा चॉकलेट जास्त खाल्ल्याने होत नाही, आणि त्यात आईवडिलांचा काही दोषही नसतो. याची लक्षणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वाढतात. अंथरूण ओले करणे कधीच सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागले, रात्री उठून तांब्याभर पाणी पिऊ लागले, गणवेश सैल होऊ लागला, तर ‘उन्हाळा आहे’ किंवा ‘वाढीचे वय आहे’ असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रक्तातील साखर कोणत्याही वेळी तपासता येते, त्यासाठी उद्या सकाळी उपाशीपोटी येण्याची वाट पाहू नये.

याच्या जोडीला उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास किंवा गुंगी असेल, तर ती आणीबाणी समजावी व तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. पोट बिघडले असेल म्हणून घरी काढा देत बसलो, तर काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

मोठ्यांमध्ये आढळणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह मात्र हळू पावलांनी येतो. कित्येक वर्षे एकही लक्षण दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. घरात कुणाला मधुमेह असेल, कमरेचा घेर पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा अधिक असेल, किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. शासकीय आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील नागरिकांसाठी ही सोय आहे.

आता निदानाविषयी. रात्रभर, म्हणजे किमान ८ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत १०० मि.लि.मागे १२६ मि.ग्रॅ. किंवा अधिक साखर; ग्लुकोज प्यायल्यानंतर २ तासांनी २०० किंवा अधिक; अथवा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक, हे मधुमेहाचे मापदंड आहेत. स्पष्ट लक्षणे असतील तर कोणत्याही वेळची २०० किंवा अधिक साखरही पुरेशी ठरते. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निष्कर्ष न काढता डॉक्टर पुन्हा तपासणी करवितात. रक्तक्षय किंवा सिकल सेल असल्यास एचबीए१सीचा आकडा फसवा ठरू शकतो, हेही डॉक्टरांना आधीच सांगावे. घरच्या यंत्राचा आकडा इशारा देतो. पण निदान मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीवरून आणि डॉक्टरांनीच करावयाचे.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण यांवर घरोघरी विश्वास आहे. परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनला पर्याय नाही. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन देण्यात आले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत. तो मात्र पुढे १३ वर्षे जगला. आज नियमित इन्सुलिन घेणारी मुले शिकतात, खेळतात, नोकरी-व्यवसाय करतात. कुणाच्या सांगण्यावरून ते बंद करणे म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणे होय.

काही घरांत, विशेषतः मुलीच्या बाबतीत, ‘पुढे लग्नाचे कसे होईल’ या काळजीने आजार लपविला जातो. पालकांची ही काळजी आम्ही समजू शकतो. पण लपविलेला आजार मुलीला वर्गात एकटे पाडतो. तिची साखर अचानक कमी होऊन घाम सुटला, हात थरथरू लागले, तर तिला लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते, आणि बेशुद्ध झाल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे लागते. हे शिक्षकांना माहीतच नसेल तर ते मदत कशी करणार? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाद्यपदार्थ सोबत नेण्याची परवानगी दिली. तेव्हा सांगण्यात संकोच कसला?

आमच्या शिक्षकवर्गाला आम्ही एवढेच सांगतो की पाणी पिण्यास किंवा प्रसाधनगृहात जाण्यास वारंवार परवानगी मागणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याच्या घरी कळवावे. विद्यार्थ्यांनी अशा सोबत्याची थट्टा करू नये. आणि पालकांनी, शंका वाटताच, शेजारच्या सल्ल्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्ताच्या एका साध्या तपासणीने शंका फिटते, आणि वेळेवर निदान झाले तर मूल पुन्हा वर्गात आपल्या बाकावर येऊन बसते.